घट्ट काकवी, चिंचेचा कोळ आणि अडणारा पंप : मोटर वाढवू की पाइप बदलू?

मलप्रभाकाठ
सोमवार, सकाळी 7:10

नमस्कार मंडळी,

खानापूर तालुक्यात आमचं लहानसं प्रक्रिया युनिट आहे. थंडीत काकवी, मार्चपासून चिंचेचा कोळ, मे महिन्यात कोकम. माल बेळगाव, हुबळी आणि थोडाफार गोव्याला जातो. सध्या तीन गोष्टींनी डोकं उठवलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली. काकवीची टाकी जमिनीवर आहे. तिथून एक इंची पाइप तीन मीटर जाऊन गिअर पंपाला लागतो, पुढे भरणीचं मशीन. तासाला 500 लिटर मिळाले तरी आमचं भागतं. दुपारी पंप बरा चालतो. सकाळी सहाला चालू केला की खडखडाट करतो, धार तुटते, बरण्या अर्ध्याच भरतात. पंपवाला म्हणतो, 1 एचपीची मोटर काढून 3 एचपीची बसवा.

दुसरी. हुबळीच्या एका गिऱ्हाइकाला चिंचेचा घट्ट कोळ '5000 सीपी' (सेंटिपॉइज, घट्टपणाचं माप) हवा होता. आमच्या ब्रुकफिल्डवर (घट्टपणा मोजायचं मशीन) 5200 आला. त्यांच्या लॅबमध्ये त्याच लॉटचा 1300 आला आणि माल परत आला.

तिसरी. काकवीचे दोन लॉट. दोन्ही 75 ब्रिक्स (विरघळलेल्या घटकांची, मुख्यतः साखरेची, टक्केवारी), ऊस दोन्हीकडे को 86032 जातीचा. एक लॉट नीट वाहतो, दुसरा चिकट, चमचा उचलला तर तार तुटता तुटत नाही.

ब्रिक्स एकच असताना माल इतका वेगवेगळा का वागतो? आणि मोटर घेऊ का?

उद्यमबाग
सोमवार, सकाळी 8:02

मोटर घेऊ नका. पैसे घालवायच्या आधी एवढं सांगा: टाकीचं तोंड पंपापेक्षा वर आहे की खाली? पंप किती आरपीएमवर फिरतो? पाइपमध्ये एल्बो (वळणाचे जोड) किती? आणि पहाटे टाकीतल्या काकवीत थर्मामीटर बुडवून बघा किती दाखवतोय.

निपाणीकर
सोमवार, सकाळी 8:15

एवढं कशाला ओ? थोडं गरम पाणी मारा काकवीत, पातळ होतंय, पंप पळतोय. आमच्याकडं असंच करायलेत सगळे.

गुळव्याचा_नातू
सोमवार, सकाळी 9:30

निपाणीकर दादा, पाण्याचं काम करू नका बघा. आमच्या घरात दोन पिढ्या गुऱ्हाळ आहे, म्हणून हक्काने सांगतो. काकवी 75 वर असली तर वर्षभर टिकते. पाणी मारून ती 65-68 वर आणली की पंप पळतो खरा, पण महिन्याभरात बरणीचं झाकण फुगतं. वरच्या बाजूला पाणी साचून राहिलं तर आंबायला तिथूनच सुरुवात होते, कारण घट्ट काकवीत पाणी पटकन मिसळतच नाही, वर तरंगत राहतं. गिऱ्हाइकाने झाकण उघडलं की फस्स. एक बरणी परत आली की दहा घरांत बोलणं होतं.

मालच पातळ केला तर आपण विकतोय काय? काकवी म्हणजे घट्टपणाच की.

निपाणीकर
सोमवार, सकाळी 9:41

बरोबर आहे अण्णा. घरच्या वापराला चालतंय, विकायला नको.

मलप्रभाकाठ
सोमवार, दुपारी 1:20

@उद्यमबाग : टाकीचं तोंड आणि पंप एकाच पातळीवर, दोन्ही जमिनीवर. पंप थेट मोटरवर, 1440 आरपीएम. एल्बो चार. आज पहाटे काकवी 19 अंश होती. आत्ता 29 आहे.

रिओमीटर
सोमवार, दुपारी 2:45

मी फूड टेक्नॉलॉजी शिकते, अशा अर्कांच्या प्रवाहावरच माझं काम चालू आहे. तुमचे तिन्ही प्रश्न वरून सारखे दिसतात, पण तिन्हींची कारणं वेगळी आहेत. म्हणून एकेक घेते.

काकवीचा घट्टपणा मुख्यतः विरघळलेल्या साखरेचा. साखरेच्या पाण्याचे आकडे बघा. साधं पाणी 20 अंशाला 1 सीपी. 40 टक्के साखर घातली की साधारण 6. 60 टक्क्यांना 58 च्या आसपास. 70 टक्क्यांना 480 च्या आसपास. 75 टक्क्यांना दोन हजारांच्या वर. म्हणजे 40 वरून 60 वर जाताना घट्टपणा दहापट झाला आणि 70 वरून 75 वर, फक्त पाच टक्क्यांत, चौपटीहून जास्त. शेवटच्या टप्प्यात पाण्याचे मोकळे रेणू फारच थोडे उरतात आणि साखरेचे रेणू एकमेकांना घासत राहतात. गुऱ्हाळात शेवटच्या काही मिनिटांत काहिलीतला रस डोळ्यांदेखत जड होतो, त्याचं कारण हेच.

तापमानाचंही तसंच. 60 टक्क्यांचा पाक 20 अंशाला 58, 40 अंशाला 21, 60 अंशाला 10. आणि पाक जितका घट्ट, तितका तापमानाचा परिणाम जास्त: 70 टक्क्यांचा पाक 20 वरून 40 अंशावर नेला तर घट्टपणा साधारण चौथाईवर येतो. तुमची काकवी पहाटे 19 आणि दुपारी 29 अंश आहे. दहा अंशांत ती निम्म्याच्या खाली आली असणार. पंप दुपारी चालतो तो यामुळे.

गाळलेली, स्वच्छ काकवी बरीचशी न्यूटनच्या नियमाने वागते: हळू ढवळा की जोरात, घट्टपणा तोच. चिंचेचा कोळ तसा अजिबात वागत नाही. त्याच्यावर संध्याकाळी लिहिते.

उद्यमबाग
सोमवार, संध्याकाळी 6:50

ताईंनी आकडे दिलेत, माझं काम सोपं झालं. आता तुमच्या पाइपचा हिशोब करतो. उद्यमबागेत आमचं पंपाचे भाग करायचं वर्कशॉप आहे, रोज हाच प्रश्न येतो आणि रोज लोक मोटर वाढवून येतात.

काकवी 2000 सीपी धरली. प्रवाह तासाला 500 लिटर. पाइपचं आतलं तोंड 25 मिलिमीटर. अशा संथ, थरांनी सरकणाऱ्या प्रवाहात दर मीटरला जाणारा दाब येतो साधारण 0.29 बार. तीन मीटरला 0.87 बार. एल्बो वेगळेच.

आता पंप ओढतो म्हणजे काय करतो? तोंडाशी पोकळी करतो आणि बाहेरची हवा काकवीला आत ढकलते. हवेचा दाब बेळगावात समुद्रकाठापेक्षा थोडा कमीच, 0.92-0.93 बार. त्यातला 0.87 पाइपनेच खाल्ला. पंपाच्या तोंडाशी उरलं काय? जवळजवळ निर्वात. काकवीत अडकलेली हवा तिथे फुगते, बुडबुडे होतात, गिअरमध्ये जाऊन फुटतात. तो खडखडाट तोच. धार तुटते तीही त्यामुळेच.

3 एचपी काय, 30 एचपी बसवली तरी हवेचा दाब वाढणार नाही. मोटर ढकलण्याच्या बाजूला जोर देते. ओढण्याच्या बाजूला सगळं काम हवा आणि पाइप यांचंच.

तोच पाइप दोन इंची करा. व्यास दुप्पट झाला की दाबाचा तोटा सोळापट कमी. तीन मीटरला 0.87 ऐवजी साधारण 0.05 बार. त्यातून टाकी दीड मीटर उंच स्टँडवर घेतली तर काकवीचं स्वतःचं वजनही ढकलायला येतं, ती पाण्यापेक्षा जवळजवळ 1.4 पट जड असते.

आणि 1440 आरपीएमवर घट्ट माल चालवायचा नाही. दात फिरून पुढे जातात आणि मधल्या खाचेत माल भरायला वेळच मिळत नाही. मोठ्या मापाचा पंप घ्या आणि गिअरबॉक्स लावून तीन-चारशे आरपीएमवर चालवा. आवाज कमी, झीज कमी, हवा कमी.

मलप्रभाकाठ
सोमवार, रात्री 8:15

दादा, हा हिशोब आजवर कुणी करून दाखवला नव्हता. प्रत्येक जण मोटरीवरच येऊन थांबायचा. दोन इंची पाइप आमच्या कोकमाच्या लाइनचा पडून आहे, उद्याच बसवतो.

आगळवाली
सोमवार, रात्री 8:40

कोकमाच्या लाइनचा म्हणालात म्हणून मध्येच लिहिते. तो पाइप स्टीलचा असेल तर आतून हात फिरवून बघा. आमच्याकडे जांबोटी-कणकुंबीच्या बाजूचं कोकम येतं. आगळात (कोकमाच्या खारवलेल्या रसात) मीठ भरपूर आणि आंबटही तितकंच. साध्या 304 स्टीलला मिठाने बारीक खड्डे पडतात, टाचणीच्या टोकाएवढे. वरून चकचकीत दिसतं, आत बोटाला खरखर लागते. त्या खड्ड्यांत माल साचून राहतो, मग त्यात काकवी सोडली की आंबणं तिथूनच सुरू. आगळासाठी 316 स्टील किंवा खाण्याच्या मालासाठी चालणारं प्लॅस्टिकच घ्यावं.

आणि कोकम दाट होत नाही अशी कुणी तक्रार केली तर त्याला उघड्या भांड्यात आटवू देऊ नका. लाल रंग उष्णतेने जातो, तपकिरी उरतो. आटवायचंच तर निर्वात भांड्यात, कमी तापमानाला. गाळलेलं आगळ आटवलं तरी पाण्यासारखंच सरळ वाहतं, पंपाला त्याचा काही त्रास नाही. त्रास गराचा. गर राहिला की साखर घालून सरबताचा पाक करताना कधीकधी थरथरणारा गोळा होतो. बरणी उलटी केली तरी खाली येत नाही.

रिओमीटर
सोमवार, रात्री 9:30

आगळवाली ताईंचं बरोबर आहे, तो पेक्टिनचा खेळ. आंबटपणा आणि साठ टक्क्यांच्या आसपास साखर एकत्र आली की पेक्टिनच्या साखळ्या एकमेकींना धरतात आणि जेली होते. जॅम याच तत्त्वावर होतो. सरबताला ते नको असेल तर गर आधीच नीट गाळायला हवा.

आता चिंच. कोळात तीन गोष्टी असतात: विरघळलेली साखर आणि आम्लं, पेक्टिनसारख्या लांब साखळ्या, आणि गराचे न विरघळलेले कण. ब्रिक्समीटर त्यातलं फक्त विरघळलेलं मोजतो. गराचे कण त्याला दिसतच नाहीत. म्हणून दोन कोळ एकाच ब्रिक्सचे असूनही एक चमच्यावरून ओघळतो आणि दुसरा चमच्यावर बसून राहतो.

हळू ढवळलं तर साखळ्या आणि कण गुंतलेले राहतात, कोळ घट्ट वाटतो. जोरात ढवळलं की साखळ्या प्रवाहाच्या दिशेने आडव्या होतात, कणांचे गुच्छ सुटतात, कोळ पातळ वाटतो. याला शिअर थिनिंग म्हणतात. अशा मालाला 'घट्टपणा इतका' असा एक आकडा असूच शकत नाही. कोणत्या तापमानाला, कोणत्या स्पिंडलने (मशीनचा मालात फिरणारा दांडा), किती आरपीएमला, हे तीन न सांगता दिलेला '5000 सीपी' अर्धवट आहे.

तुमचा 5200 आणि त्यांचा 1300 बघा. बरोबर चौपट. चिंचेच्या कोळाचा प्रवाह-घातांक (वेग वाढला की माल किती पातळ वाटतो ते सांगणारा आकडा) 0.4 धरला आणि तुम्ही 10 आरपीएमला, त्यांनी 100 ला मोजलं असेल, तर हिशोबाने फरक नेमका चौपटच येतो. दोन्ही लॅब बरोबर असण्याची शक्यता मला जास्त वाटते. तुमच्या मशीनवर आरपीएम किती होता?

मलप्रभाकाठ
सोमवार, रात्री 9:52

10.

निपाणीकर
सोमवार, रात्री 9:55

ताई, तुम्ही न बघता सांगितलंत! आमच्या गावात असतात तर लोक हात दाखवायला रांग लावतील.

सीमावासी
मंगळवार, सकाळी 6:30

चिंचेचा विषय निघालाय तर थोडं आडवळणाला जातो. चिंचोक्याचं काय? आमच्या आजोळी चिंचोके भाजून, भरडून, शिजवून खळ करायचे आणि ती घोंगड्याला लावायचे. नवं घोंगडं ताठ उभं राहायचं, पावसाचं पाणी वरून घसरायचं. धनगर आजोबा खळ शिजली की नाही ते काठी उभी करून बघत. काठी हळूहळू कलली तर बरोबर, उभीच राहिली तर जास्त झाली, लगेच पडली तर अजून कच्ची. बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या विणकरांच्या घरीही सुताला खळ लावायचं काम लहानपणी पाहिलेलं आठवतं, ती कशाची असायची ते जुने जाणकार सांगतील.

कोळात हा चिंचोक्याचा चीक उतरत असेल का?

रिओमीटर
मंगळवार, सकाळी 8:20

सीमावासी काका, हे आडवळण नाही, मुद्दाच आहे. चिंचोक्याच्या आतल्या पांढऱ्या गरात झायलोग्लुकन नावाची लांब साखळी असते. अगदी थोडी असली तरी पाणी घट्ट करते. कोळ करताना चिंच फार गरम पाण्यात भिजवली, किंवा पल्परमध्ये चिंचोके फुटले, तर ती कोळात उतरते. मग कोळ घट्ट तर होतोच, शिवाय गुळगुळीत आणि ताणला जाणारा होतो. पेक्टिन तोडणारं एन्झाइम घातलं तरी हा घट्टपणा जात नाही, कारण ते एन्झाइम ही साखळी ओळखतच नाही.

आणि काठी कलण्याची परीक्षा फार नेमकी आहे. काठी किती वेगाने कलते हे बघणं म्हणजे अगदी मंद वेगाला घट्टपणा मोजणं, आणि ती उभी राहिली तर खळीत वाहायला लागण्यापूर्वी लागणारा किमान जोर आहे असा अर्थ. त्याला यील्ड स्ट्रेस म्हणतात. सॉसची बाटली उलटी केली तर काही येत नाही, बुडावर थाप मारली की भसकन येतं, तसंच.

आगळवाली
मंगळवार, सकाळी 9:05

म्हणजे टाकीच्या मधोमध भोक पडून बाजूला कोळ तसाच चिकटून राहतो, तो या यील्ड स्ट्रेसमुळे? आमच्याकडे बाया लाकडी उलथन्याने खाली ओढत बसतात.

उद्यमबाग
मंगळवार, सकाळी 9:40

होय वहिनी. कोळाच्या टाकीचं बूड सपाट नको, तीव्र उताराच्या शंकूचं हवं आणि खालचं तोंड मोठं. पंप गिअरचा नको, स्क्रूचा घ्या, ज्याला आपल्याकडे सगळे मोनो पंप म्हणतात. त्याच्या तोंडाशी माल ढकलणारा आडवा स्क्रू असलेला प्रकार मिळतो. गिअर पंपात गराचे कण आणि चुकून आलेले चिंचोक्याचे तुकडे दातांना खातात.

एक सांगतो. कोळाच्या लाइनला मोठा पाइप घेतला तरी काकवीइतका फायदा होत नाही. काकवीत व्यास दुप्पट केला की तोटा सोळापट कमी. कोळात घातांक 0.4 धरला तर साडेचारपटच. म्हणून कोळाची लाइन लांब ठेवायचीच नाही. टाकीखालीच पंप.

पॅनहाऊस
मंगळवार, दुपारी 12:10

तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलं नाही म्हणून लिहितो. आयुष्य साखर कारखान्याच्या पॅनवर (रस आटवून साखरेचा दाणा पाडायचं भांडं) गेलं, आता निवृत्त.

त्या चिकट लॉटचा ऊस तोडून किती वेळ पडला होता ते आधी विचारा. ऊस तुटला, सालीला जखम झाली, त्यात ऊन आणि ओल मिळाली की ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू साखर खातात आणि तिच्या लांब साखळ्या बांधतात. त्याला डेक्सट्रान म्हणतात. ब्रिक्स तसाच दाखवतो, कारण विरघळलेलं सगळं त्यात मोजलं जातं. पण माल जड होतो, चिवट होतो, तार सोडत नाही. आमच्याकडे असा रस आला की पॅनचं आटवणं लांबायचं, साखरेचा दाणा गोल न येता लांबट सुईसारखा यायचा, सेंट्रिफ्यूगलवर मळी सुटायची नाही. जळालेला ऊस आणि बारीक तुकडे झालेला ऊस यात हे सगळ्यात लवकर होतं.

काकवी एकदा झाल्यावर यावर इलाज करण्यात अर्थ नाही. इलाज शेतात. आज तोडलेला ऊस आजच, फार तर उद्या सकाळी गाळायचा. चरक आणि रसाची टाकी रोज संध्याकाळी गरम पाण्याने धुवायची. टाकीच्या कोपऱ्यात बोट फिरवलं आणि बुळबुळीत लागलं, तर तिथे कारखाना चालू आहे असं समजा, आपला नव्हे, त्यांचा.

रसात अल्कोहोल घालून किती गढूळ होतो ते बघायची चाचणी आहे. बेळगावात एस. निजलिंगप्पा शुगर इन्स्टिट्यूट आहे, तिथे जाऊन विचारा.

मलप्रभाकाठ
मंगळवार, दुपारी 1:30

काका, विचारलं. त्या लॉटचा ऊस तोडून तीन दिवस बांधावर पडला होता. टोळी मध्येच दुसऱ्या गावाला निघून गेली होती, ट्रॅक्टर मिळाला नाही. पहिल्या लॉटचा ऊस त्याच दिवशी आला होता.

गुळव्याचा_नातू
मंगळवार, दुपारी 3:15

पॅनहाऊस काकांच्या म्हणण्यात एक भर. रानभेंडीचा चीक कितीसा घालता? भेंडीचा चीकही लांब साखळ्यांचाच. रस तापताना तो मळी (रसातला मळ, कारखान्याची मळी नव्हे) धरून वर आणतो, म्हणून तर घालायचा. पण मळी काढायच्या आधी उकळी फुटली, किंवा चीक जास्त झाला, तर तो रसात मिसळून खाली राहतो आणि काकवीला ओढ येते. आमचे आजोबा पहिली मळी निघेपर्यंत जळव्याला जाळ वाढवू देत नसत. जाड फेस काहिलीच्या कडेने सरकून एका बाजूला आला, खालचा रस काचेसारखा दिसला, मगच चिपाड सारायचं.

आता माझाही एक प्रश्न. रिओमीटर ताई, पुस्तकात काकवी 105-106 अंशाला काढा असं लिहिलंय. आमचे गुळवे 103 लाच उतरवतात आणि ब्रिक्स 75 च्या आसपास येतो. भाऊ म्हणतो थर्मामीटर खराब. नवा आणला, तोही 103.

रिओमीटर
मंगळवार, संध्याकाळी 5:00

थर्मामीटर चांगला आहे आणि गुळवेही बरोबर आहेत. 105-106 हा समुद्रसपाटीचा आकडा धरा, जिथे पाणी 100 ला उकळतं. बेळगाव साधारण 750 मीटर उंचीवर आहे. इथे पाणी 97.5 च्या आसपास उकळतं. काकवी पाण्यापेक्षा पाच-सहा अंश वर उकळते, म्हणजे इथे 103. पुस्तकाच्या नादाने 106 पर्यंत थांबलात तर ब्रिक्स 80 च्या दिशेने जाईल, आणि वरचे आकडे बघता घट्टपणा कितीतरी पट वाढेल. मग थंडीत ती बरणीतून निघणार नाही.

सोपा उपाय: हंगामाच्या सुरुवातीला त्याच थर्मामीटरने साधं पाणी उकळून बघा. जो आकडा येईल त्यात पाच-सहा अंश मिळवा आणि ब्रिक्समीटरने एकदा पडताळा. उंचीचा फरक आणि थर्मामीटरची चूक, दोन्ही एकदम जातात.

निपाणीकर
मंगळवार, संध्याकाळी 5:12

म्हणजे आमची निपाणी खाली आहे, आम्हाला अर्धा अंश जास्त मिळतोय!

गुळव्याचा_नातू
मंगळवार, संध्याकाळी 5:20

घ्या, आता काकवीवरही निपाणी-बेळगाव वाद.

सीमावासी
मंगळवार, संध्याकाळी 5:31

तो वाद काकवी खाऊनच मिटेल. गरम भाकरी, वर लोणी, वर काकवी. दोन्हीकडची आणा, मी निकाल देतो.

आगळवाली
मंगळवार, रात्री 8:10

काकवी गरम करून भरायची का, यावर कुणीतरी ठामपणे सांगा. आमच्या शेजारच्या युनिटमध्ये टाकीखाली गॅस लावतात.

पॅनहाऊस
मंगळवार, रात्री 8:45

थेट आच नको. घट्ट माल हलत नाही, तळाचा थर तिथेच बसून करपतो, वर मात्र गारच. टाकीला बाहेरून दुहेरी भिंत करा, तीत 55-60 अंशाचं पाणी फिरवा, आत काकवी 40-45 ला ठेवा आणि संथ ढवळा. तेवढ्याने घट्टपणा चौथाईच्या खाली येतो. पण अख्खी टाकी दिवसभर तापत ठेवू नका, रंग काळवंडतो आणि करपट वास येतो. आज भरायची तेवढीच तापवा.

उद्यमबाग
मंगळवार, रात्री 9:00

आणि पाइपलाही गुंडाळा. टाकीत 42 आणि लोखंडी पाइप पहाटेचा गार, तर भिंतीला लागून काकवी घट्ट होते आणि वाट अरुंद होते. व्यासाच्या चौथ्या घाताचा फटका तिथेच बसतो.

मलप्रभाकाठ
शनिवार, सकाळी 10:25

सगळ्यांना कळवायचं होतं. टाकी स्टँडवर घेतली, दोन इंची पाइप बसवला (आगळवाली ताई, आधी हात फिरवून बघितला, एका बाजूला खरखर होती, तो तुकडा कापून टाकला), एल्बो चारवरून एक. गिअरबॉक्स लावून पंप 350 आरपीएमवर आणला. मोटर तीच 1 एचपी. आज पहाटे काकवी 18 अंश होती, तापवलेली नव्हती, तरी भरणी एका धारेने झाली. आवाज नाही. दुहेरी भिंतीची टाकी पुढच्या हंगामात करू, तिची आता घाई राहिली नाही.

चिकट लॉट वेगळा ठेवलाय. तो बरणीत विकणार नाही, चिक्कीवाल्याला सांगूनसवरून देतो, त्याला ओढ चालते म्हणाला.

उसासाठी शेतकऱ्यांशी बोलणं केलं: तोडणीच्या दिवशीच गाडी आमची. भाडं आम्ही देऊ.

हुबळीचं मात्र बाकी आहे. फोन केला होता. ते म्हणाले, आम्ही 100 आरपीएमलाच मोजतो आणि आमचा आकडाच खरा. आता त्यांना कोळ घट्ट करून देऊ की समजावत बसू?

रिओमीटर
शनिवार, सकाळी 11:40

घट्ट करून देऊ नका. 100 आरपीएमला 5000 येईल असा कोळ तुमच्या 10 आरपीएमला 20,000 च्या आसपास जाईल, तो त्यांच्याच टाकीत अडेल. त्यांना विचारा, कोळ कशाला वापरता? सॉसमध्ये घालत असतील तर त्यांना ब्रिक्स आणि आंबटपणा हवा, घट्टपणा नव्हे. तुमच्याआधी त्यांना ज्या पुरवठादाराचा माल चालला होता, त्याचा एक डबा त्यांच्याकडून मागून घ्या. तो आणि तुमचा, दोन्ही एकाच तापमानाला, एकाच स्पिंडलने 10, 20, 50 आणि 100 आरपीएमला मोजा. चारही आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहून पाठवा. दोन्ही डब्यांचे आकडे जुळले तर बोलायचं काही उरत नाही.

मलप्रभाकाठ
शनिवार, दुपारी 12:15

जुना डबा त्यांच्याकडे आहे म्हणाले, सोमवारी माणूस पाठवतो. ताई, तापमान 25 ठेवू? आणि स्पिंडल चार नंबरचा चालेल?

रिओमीटर
शनिवार, दुपारी 12:32

25 चालेल, पण डबे आदल्या रात्रीपासून त्याच खोलीत ठेवा आणि मोजण्याआधी दोन्ही सारखेच, हलक्या हाताने ढवळा. स्पिंडल असा निवडा की चारही आरपीएमला काटा 10 ते 100 टक्क्यांच्या मध्येच राहील. चार नंबरवर 10 आरपीएमला तो 10 च्या खाली आला तर तीन नंबर लावा, आणि मग दोन्ही डब्यांना तोच ठेवा.